कपाळाचा जोड

मिस्त्री वेल्डिंगला बसणार असले की आमच्या घरातले पंखे बंद होत. त्यांच्या शेडमधले नव्हे, आमच्या घरातले. शेड आमच्या परसात, मधे एक पेरूचं झाड आणि धुण्याचा दगड. पण स्वयंपाकघराची खिडकी शेडच्या दाराकडे उघडते आणि आमचा पंखा वारा थेट तिकडे ढकलतो, असं मिस्त्रींचं ठाम मत होतं. मे महिन्याच्या दुपारी ते मागच्या पायरीशी येऊन उभे राहत आणि म्हणत, "बाई, पाऊन तास वारा बंद ठिवा. जोड घ्यायचाय." आमचे हे घामाने निथळत पेपरनं वारा घ्यायला लागले, की मी त्यांच्या हातातला पेपरही काढून घेई.

भोरात त्यांना सगळे सोवळे मिस्त्री म्हणत. त्यात थट्टा होती तशी थोडी भीतीही होती. कामाला बसण्याआधी ते नळाखाली कोपरापर्यंत साबण लावून हात धूत, मग नाकाला झोंबणाऱ्या एका द्रवानं पाइप पुसत, मग पांढरे सुती हातमोजे घालत. त्यानंतर त्यांना कुणी शिवायचं नाही. डोक्याला तेल लावलेल्या माणसाला शेडमध्ये प्रवेश नव्हता. जोडाला हवा लागू न देणाऱ्या गॅसचा सिलिंडर घेऊन आलेल्या टेम्पोवाल्याला त्यांनी एकदा उंबऱ्यावरूनच परत पाठवला होता, कारण त्याच्या हातात वडापाव होता. मी हसले तर मला म्हणाले, "ह्यो धातू तापला ना बाई, की हावरा व्हतो. हवा खातो, पानी खातो, त्याल खातो. आन जे खाल्लं त्यानं ठिसूळ व्हतो. वरून काय दिसत न्हाई."

हा धातू म्हणजे टायटॅनियम, आणि मिस्त्री त्याच्या सायकली बनवत. अख्खी सायकल नव्हे, तिचा सांगाडा, म्हणजे फ्रेम. चाकं, ब्रेक, साखळी गिऱ्हाईक आपलं आपण बसवून घेई. मिस्त्री मूळचे गुंजवण्याचे. त्यांच्या वडिलांची भाताची खाचरं धरणात गेली तेव्हा मिस्त्री विशीत होते. मग पुण्याकडच्या एका कारखान्यात लागले आणि सव्वीस वर्षं रसायनांच्या टाक्या जोडत राहिले. त्या टाक्या टायटॅनियमच्या असत. कारखान्यानं तो विभाग बंद केला तेव्हा हातात कला होती आणि पोटापुरती पेन्शन. आमची शेड पूर्वी सासऱ्यांचं भाताचं कोठार होती, रिकामीच पडलेली. मिस्त्रींनी ती पाहिली, जमीन हातानं चाचपली, छताकडे बघून "वारा कुठनं येतो?" असं विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी चुना घेऊन आले.

वर्षाला चार फ्रेमा होत, फार तर पाच. एका पाइपाचं तोंड दुसऱ्या पाइपाला चिकटून बसावं म्हणून ते कानशीनं दोन-दोन दिवस घासत. फट इतकी बारीक लागायची की तिच्यात पोस्टकार्डाचा कोपरा शिरता कामा नये. एका फ्रेमची किंमत दोन लाखांच्या वर जाई. हे ऐकून भोंगवलीचे एक पाहुणे आमच्या ओट्यावर बसल्या बसल्या म्हणाले होते, "एवढ्यात दोन म्हशी येतील, आणि त्या दूध तरी देतील." मिस्त्री शांतपणे म्हणाले, "दूध न्हाई देत. पन नातवापतोर मोडत बी न्हाई." त्यांच्या धंद्याचं सगळं मोल त्या एका वाक्यात होतं. ही सायकल मोडत नाही, म्हणून लोक पैसे देत.

जोड झाला की ते तोंडावरची काच वर करत आणि रंग बघत. "चांदीवानी आला तर पास. सोनेरी आला तर इचार करायचा. निळा आला की कापायचा." कापायचा म्हणजे खरोखर करवतीनं कापून टाकायचा. एकदा जोड घेताना त्यांना शिंक आली आणि हात हलला. मला तर तिथं काहीच दिसलं नाही. त्यांनी आठ दिवसांचं काम कापलं, तुकडे कोपऱ्यातल्या डब्यात टाकले आणि माझ्याकडे येऊन चहा मागितला. "वाईट नाही वाटत?" मी विचारलं. "वाटतं की," म्हणाले, "पन ज्याच्या बुडाखाली ही जानार हाय त्याला कुटं ठावं, मला शिंक आली हुती. मलाच ठावं."

त्यांची स्वतःची सायकल मी एकदा चालवली. वय चोपन्न, अंगात पंजाबी ड्रेस, आणि लग्नानंतर सायकलला हात लावलेला नाही. "बसा बाई, पडत न्हाई," एवढ्या भरवशावर मी निघाले, ती उत्रोलीच्या रस्त्याला भाताची कापणी चाललेली बघत पार पुढं गेले. रस्ता तोच, खड्डेही तेच, पण ते हाडापर्यंत पोचत नव्हते. वाटेत माझी कमर दुखते हे मी साफ विसरले होते. परत आले तर मिस्त्री दारात उभे, पहिलीतल्या पोराच्या आईसारखे. मी यांना म्हटलं, लोक एवढे पैसे का मोजतात ते मला आज कळलं. हे म्हणाले, "आपली स्कूटी बरी आहे." असल्या माणसाला काय सांगणार.

मी शाळेत शास्त्र शिकवायची. मिस्त्रींना त्याचं भारी कौतुक. गुंजवण्याला जाताना ते शेडची किल्ली माझ्याकडे देत, दुसऱ्या कुणाकडे नाही. "बाईस्नी कळतं," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि मी ते ऐकून फुगत असे. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढं जे झालं ते माझ्या त्या फुगण्यातूनच झालं.

त्या वर्षी नवरात्रात ते गावी गेले होते. शेडमध्ये निनादची फ्रेम अर्धी झालेली होती. निनाद माझा विद्यार्थी, आता भोरात दातांचा डॉक्टर. तीन वर्षं लोकांचे दात उपटून त्यानं या सायकलीपुरते पैसे साठवले होते. पाइप घासून, पुसून, ठिपक्या-ठिपक्यांनी जागच्या जागी टाचून मिस्त्रींनी वर पांढरं कापड घातलं होतं. पक्के जोड परत आल्यावर घ्यायचे होते. खंडेनवमीला मी घरातली सुरी, विळी, शिवणयंत्र, स्कूटी, सगळ्याची पूजा केली आणि मनात आलं, ज्या माणसाचं हत्यारांवर पोट आहे त्याची हत्यारं तशीच राहिली. ताट घेऊन शेडमध्ये गेले. वेल्डिंगच्या यंत्राला हळदकुंकू वाहिलं, सिलिंडरला वाहिलं, कानशींवर झेंडूची फुलं ठेवली. मग वाटलं, हिला एकटीला का सोडायचं. मी कापड उचललं.

हँडल बसतं त्या पुढच्या आखूड पाइपाला मिस्त्री कपाळ म्हणत. मी कपाळालाच कुंकू लावलं. बोटांना निरांजनाचं तूप होतं आणि कुंकू ओलं कालवलेलं. लावलं आणि लगेच चरकले, कारण हात लावायचा नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. पदरानं पुसून काढलं, पुन्हा पुसलं, उजेडात बघितलं. एकदम लख्ख. कापड होतं तसं पसरलं. फट जितकी बारीक तितका द्रव आत ओढला जातो, हे केशाकर्षण मी तीस वर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवलं. त्या दिवशी ते मला आठवलं नाही.

दसरा झाल्यावर मिस्त्री आले. यंत्रावरचं हळदकुंकू बघून खूश झाले. "बरं केलंत बाई, माज्या मनाला लागून ऱ्हायलं हुतं." मग जरा थांबून म्हणाले, "कापडाखालच्याला न्हाई ना हात लागला?"

"छे. त्याला कशाला लावीन? मला कळत नाही का?"

एवढं सरळ खोटं मी जन्मात बोलले नव्हते, आणि ते किती सहज निघालं. ओट्यावर हे बसले होते, शेजारच्या वहिनी होत्या. त्यांच्यासमोर "हो, लावला" म्हणायला माझी जीभ रेटली नाही. त्या दुपारी पंखे बंद झाले, जोड झाला, आणि तासाभरानं मिस्त्री पुन्हा पायरीशी आले. हातमोजे काढलेले, कपाळावर आठ्या.

"बाई, एक टिपका सोनेरी आलाय. मव्हरीएवढा. येयाला नको हुता. मी हात धुतलं, वारा बंद, ग्यास नवा." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "खरं सांगा. न्हाई ना लागला?"

"मी काय खोटं बोलते का, मिस्त्री?"

ते ओशाळले. मला वाईट वाटू नये म्हणून हसलेसुद्धा. "न्हाई न्हाई. तुमी म्हनता मंजे न्हाईच. ग्यासच वाईच कमी पडला आसंल." आणि त्यांनी तो जोड ठेवला. मला वाटलं, सुटले. डाग पडण्यापलीकडे त्यानं काय होणार, असं मी स्वतःला समजावलं. आणि खरं सांगायचं तर तो सोनेरी ठिपका दिसायला चांगलाच होता.

दिवाळीला निनाद फ्रेम घेऊन गेला. नंतर दर रविवारी सकाळी तो आमच्या गल्लीतून जाई आणि घंटी वाजवी. त्याला बघून मिस्त्री जागच्या जागी ताठ होत. मला मात्र ती घंटी ऐकली की कसंसंच होई, पण का ते मी स्वतःला विचारत नव्हते.

फेब्रुवारीतला एक रविवार. सहाच्या सुमाराला निनाद दारावरून गेला. "बाई, आज वरंधा घाट. पार माझेरीपर्यंत उतरून परत." मी हात हलवला. साडेसातला मिस्त्री पायरीवर चहाला आले. आमच्या यांना रविवारी गप्पा सुचतात. त्यांनी विचारलं, "अहो मिस्त्री, तुम्ही सारखं डाग-डाग करता, पण एवढासा डाग असला तर बिघडतं काय?"

"आज काय बिघडत न्हाई, उद्या बी न्हाई. आतल्या आत तडा सरकत ऱ्हातो, केसावानी. मंग चार-सा म्हैन्यानं, उतारावर, म्होरचा बिरेक दाबला की कपाळ सुटतं. हँडल हातात आन मानूस दरीत."

मी गाळणं धरून उभी होते. चहा कपाबाहेर सांडत होता ते मला दिसत होतं, पण हात थांबेना. मग मी सगळं सांगितलं. कुंकू, तूप, पदर. दोनदा नाही म्हटलं तेही. आणि निनाद आज कुठं गेलाय तेही. हे "अगं, काय बोलतेस काय" म्हणत उठले. मिस्त्रींनी कप खाली ठेवला. "स्कूटीत पेट्रोल हाय का?" एवढंच विचारलं.

निनादचा फोन लागत नव्हता. घाटात तो लागतच नाही. स्कूटी मी चालवत होते आणि मिस्त्री मागं बसले होते, दोन्ही हात स्वतःच्या गुडघ्यांवर. हिर्डोशीपर्यंत मी वाटेतल्या प्रत्येक वळणावर रस्त्याच्या कडेला काही पडलेलं दिसतंय का तेच बघत होते. उजवीकडे की डावीकडे धरणाचं पाणी होतं, ते आज मला सांगता येणार नाही. माझ्या डोळ्यांसमोर निनाद पाचवीतला होता, पुढच्या बाकावरचा, दर प्रश्नाला हात वर करणारा. त्याच्या आईला काय तोंड दाखवायचं? मी मिस्त्रींना म्हटलं, "वाघजाईला तो भजी खायला थांबतो. नक्की थांबतो." मिस्त्री म्हणाले, "जरा पिळा." मी स्कूटी आणखी पिळली.

वाघजाईला पोचलो तर भजीच्या टपरीपुढं दोन मोटरसायकली, सायकल नाही. टपरीवाली म्हणाली, "डाक्टर? आत्ताच उतरलं की खाली. च्या बी आर्दा ठिवला."

तिथून पुढं सगळा उतार. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. दोन वळणं गेली आणि तिसऱ्याच्या खाली त्याचा पिवळा सदरा दिसला. मी हॉर्नवर अंगठा नेला. ज्या माणसानं इतक्या वर्षांत कधी माझ्या हातून कपसुद्धा हाताला हात लागू देऊन घेतला नव्हता, त्यानं मागून माझं मनगट धरलं.

"वाजवू नका. दचकंल. दोनी बिरेक दाबंल."

मग मी काय करायचं होतं? हॉर्न न वाजवता, ओरडल्याशिवाय, त्याच्या बरोबरीला जायचं होतं. समोरून एक टेम्पो घोंघावत चढत होता. निनाद वळणावर वाकला, त्याची बोटं ब्रेकवर आली. टेम्पो गेला. मी स्कूटी त्याच्या शेजारी नेली. मिस्त्री रोज बोलतात त्याच आवाजात बोलले, जणू दोघं ओट्यावर बसले आहेत.

"डाक्टर, वाईच थांबायचंय. म्होरचा बिरेक सोडा. पार सोडा. हां. आता मागचा, हळू. आनखी हळू."

निनाद आधी हसला, मग मिस्त्रींचा चेहरा बघून हसायचा थांबला. सायकल कठड्याशी उभी राहिली. मिस्त्री स्कूटी थांबायच्या आधीच उतरले होते. त्यांनी कपाळाचा पाइप मुठीत धरला आणि निनादचा पाय निघताच सायकल त्याच्यापासून बाजूला घेतली.

"काय झालं, मिस्त्री?"

"जोडात खोट हाय. माजी चूक झाली."

मी तोंड उघडलं. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, आणि मी तोंड मिटलं. निनाद म्हणाला, "बाई, तुम्ही कशा इकडे?" मी म्हटलं, "यांना स्कूटीवर घेऊन आले." हे वाक्य खरं होतं. तेवढ्यावरच मी थांबले, याची लाज मला आजही वाटते. निनाद कठड्याला टेकून दरीकडे बघत होता. मिस्त्रींनी सायकल खांद्यावर घेतली आणि वाघजाईपर्यंत चढ पायी चढले.

दुपारी शेडमध्ये त्यांनी जोड करवतीनं उघडला. मला बोलावलं. पाइपाच्या आतल्या बाजूला एक करडी-निळी रेघ होती आणि तिच्यात तांदळाच्या दाण्याएवढा तडा. भिंगाशिवाय दिसत होता. मी रडायला लागले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तुकडा फडक्यात गुंडाळला.

"तुमच्या हातून लागलं त्याचं काय न्हाई बाई. पूजाच केलीत, वंगाळ न्हाई केलं. पन मला तो टिपका दिसला हुता. माजा डोळा म्हनत हुता काप. मी डोळ्याचं न्हाई ऐकलं, तुमचं ऐकलं."

"मी निनादला सगळं सांगते."

"काय सांगू नका. जोडावर हात माजा हाय."

मी ते ऐकलं. सोयीचं होतं म्हणून ऐकलं, दुसरं काही नाही.

पुढचे दोन महिने मिस्त्रींनी आधी दिलेली एकूण एक फ्रेम परत मागवली. कोल्हापूर, नाशिक, कुठून कुठून खोकी आली. तड्यात शिरणारं लाल रंगाचं एक पाणी लावून ते प्रत्येक जोड भिंगाखाली तपासत. एकीतही काही निघालं नाही. पण फ्रेमा परत मागवल्या ही बातमी निघाली, ती निघालीच. सायकलवाल्यांत ती आधी पसरली, मग भोरात. निनादनं खोटं काहीच सांगितलं नव्हतं. मिस्त्री स्वतः म्हणाले की त्यांची चूक झाली, एवढंच त्यानं सांगितलं, आणि जीव वाचलेल्या माणसानं सांगितलेलं लोक ऐकतात. नवीन मागणी आली नाही. मिस्त्रींनी निनादला दुसरी फ्रेम करून दिली. ती त्यानं घेतली, पण घाटात नेली नाही. मे महिन्यात मिस्त्री शेड रिकामी करून गुंजवण्याला गेले. जाताना जमीन धुऊन दिली. मी किल्ली घेतली तेव्हा "येतो बाई" म्हणाले. पुन्हा कधी येणार ते सांगितलं नाही.

दीडेक वर्ष मी गेले नाही. मग यांनीच एके दिवशी म्हटलं, "जा एकदा. घरात तुझं लक्ष नसतं." एसटीनं गेले. घराला लागून पत्र्याचा आडोसा, त्यात मिस्त्री खिडकीचं लोखंडी ग्रिल जोडत होते. दार सताड उघडं, वारा आरपार. हाताला वंगण. मला बघून त्यांनी पोतं झटकून बसायला दिलं.

"लोखंड बरं आसतं बाई. त्याला काय बी चालतं."

तेवढ्यात राजगड उतरून आलेली दोन पुण्याची माणसं थांबली. एकानं विचारलं, "काका, टायटॅनियमच्या सायकली बनवायचे ते तुम्हीच ना?" मिस्त्री म्हणाले, "व्हय, मीच. आता डोळं गेलं. जमत न्हाई." ती माणसं हळहळली आणि निघून गेली.

"डोळ्यांना काय झालं, मिस्त्री?"

त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. मग बसल्या जागेवरून गडाच्या वाटेकडे बोट केलं. मला तिथं नुसतं रान दिसत होतं. "सात जन उतरत्यात. त्यात एक बाई हाय. तिनं पिशवी ह्या हातातनं त्या हातात घेतली बगा."

"मग लोकांना असं का सांगता?"

"काय तर सांगाया पायजे न्हवं. मंग तुमचं नाव सांगू? लोक तुमच्याकडं पोरं शिकाया धाडत्यात अजून."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उलट काही बोलू शकले असते. ज्यानं एका शिंकेसाठी आठ दिवसांचं काम कापलं, तो माणूस माझ्यासाठी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता की त्याला दिसत नाही. मी त्यांच्या घरचा चहा घेतला. परतीच्या एसटीत मला खिडकीची जागा मिळाली होती, पण बाहेर काय होतं ते मी पाहिलं नाही.

भोरला उतरले ती घरी गेलेच नाही. तशीच स्टँडजवळ निनादच्या दवाखान्यात शिरले. बाकावर चौघं बसलेली. दोघं माझेच विद्यार्थी, एक आमच्या शाळेतल्या जुन्या शिपाईबाई, एक अनोळखी गृहस्थ. मला बघून शिपाईबाई सरकल्या, दोन्ही मुलं उठून उभी राहिली. निनाद मास्क खाली करत बाहेर आला. "बाई, दाढ दुखतेय का?"

"नाही. बोलायचंय."

"आत या ना."

"इथंच बोलते. मिस्त्रींचे डोळे ठणठणीत आहेत. त्यांचा हातही चुकला नव्हता. तुझ्या फ्रेमच्या जोडात कुंकू मी घातलं. त्यांनी मला दोनदा विचारलं, दोनदा मी नाही म्हटलं. घाटात तू माझ्यासमोर उभा होतास, तेव्हाही मी बोलले नाही."

निनाद हातातल्या मास्ककडे बघत राहिला. "म्हणजे दिवाळीपासून मी त्या सायकलवर दर रविवारी तुमच्या दारावरून जात होतो," तो सावकाश म्हणाला, "आणि तुम्ही हात हलवत होतात."

"हो."

"मी सगळ्यांना सांगितलं, बाई. त्यांची चूक झाली म्हणून. माझ्या तोंडानं सांगितलं."

"मला माहीत आहे. आता हेही सगळ्यांना सांग. माझं नाव घालून सांग."

तो आत गेला. मला बसा म्हणाला नाही. मी वळले, तेव्हा ती दोन्ही मुलं खाली बसली होती आणि शिपाईबाई पुन्हा मधोमध सरकल्या होत्या. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. मी दाराशी वाकून चपला घातल्या, आणि मला कितीतरी महिन्यांनी पुरता श्वास घेता आला.